१८३४ सालचा विल्यम राजाचा रुपया: मूळ नमुना नाणे की नंतर पाडलेले? किंमत कशी ठरवावी आणि विक्री कुठे करावी?

शरयू_नागपूर

माझे आजोबा बंगाल नागपूर रेल्वेच्या कलकत्त्यातील गार्डन रीच येथील मुख्य कचेरीत नोकरीला होते. पुढे रेल्वेचे नाव बदलले तरी ते तिथेच राहिले आणि १९६३ साली निवृत्त होऊन नागपुरात महाल भागातल्या घरी परतले. त्यांना नाणी जमवण्याचा छंद होता. यंदा वडील गेल्यानंतर आम्ही आजोबांची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पुडीत बांधून ठेवलेले मिळाले. बहुतेक राणीछाप रुपये आहेत, काही नागपूरकर भोसल्यांच्या काळातले आहेत, आणि एका पुडीत मी ज्याविषयी विचारते आहे ते नाणे आहे.

दिसायला ते ईस्ट इंडिया कंपनीच्या, ब्रिटनच्या चौथ्या विल्यम राजाचा चेहरा असलेल्या चांदीच्या रुपयासारखे आहे, परंतु त्यावरचे साल १८३५ नसून १८३४ आहे. इतवारीतल्या ओळखीच्या सराफांनी वजन केले, ते ११.६४ ग्रॅम भरले. नाणे चकचकीत आहे आणि हाताळल्याच्या, झिजल्याच्या खुणा जवळपास नाहीत. पुडीवर आजोबांच्या अक्षरात "कलकत्ता, नोव्हेंबर १९५७" एवढेच लिहिलेले आहे.

आतापर्यंत तीन मते मिळाली. घरी आलेल्या एका व्यापाऱ्याने पंधरा हजार रुपये देऊ केले आणि निर्णय त्याच दिवशी हवा असे सांगितले. एका परिचितांनी हे "पॅटर्न" नाणे असून दहा लाखांच्या खाली देऊ नका असे बजावले. तिसरा एका अनोळखी माणसाचा दूरध्वनी होता. त्याने रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन वीस लाखांचा ग्राहक तयार असल्याचे सांगितले आणि नोंदणीसाठी आधी चार हजार रुपये भरायला सांगितले. आम्ही पैसे भरले नाहीत. नाणे विकावे अशी आईची इच्छा आहे. वारसांत आई, मी, भाऊ आणि दोन आत्या आहेत. भाऊ इंग्लंडमध्ये असतो आणि पुढच्या महिन्यात परत जाताना तो नाणे सोबत नेऊन तिथल्या लिलावात द्यायला तयार आहे. नाणे खरे आहे का, त्याची किंमत कोणत्या आधाराने ठरवतात आणि विकण्याचा योग्य मार्ग कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टांकसाळ_गल्ली

शरयूताई, सर्वप्रथम एक विनंती. नाणे चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट किंवा सराफाच्या द्रावणाने साफ करू नका. अशा नाण्याच्या पृष्ठभागावर त्याचा निम्मा इतिहास असतो आणि घासलेल्या नाण्याची किंमत पुन्हा कधीच वर येत नाही. पुडीचा कागदही फेकू नका. त्या एका ओळीचे महत्त्व मी पुढे सांगतो.

आता साल १८३४ का महत्त्वाचे आहे ते पाहू. त्या काळापर्यंत कंपनीच्या प्रत्येक इलाख्यात वेगळा रुपया चालत असे. बंगालचा सिक्का रुपया, फर्रुखाबादी, मद्रासचा अर्काटी आणि आपल्याकडचा सुरती, अशी ही नाणी होती आणि त्यांवर मोगल बादशहाचे नाव असे. सर्व इलाख्यांसाठी एकच रुपया असावा, यासाठी कलकत्ता टांकसाळीतले धातुपरीक्षक जेम्स प्रिन्सेप यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी आग्रह धरला आणि १८३५ च्या १७ व्या कायद्याने तसा रुपया १ सप्टेंबर १८३५ पासून आला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदी बारा भागांत अकरा भाग. आपण ज्याला तोळा म्हणतो तो हाच रुपयाभार. चलनातल्या या रुपयांवर १८३५ हेच साल आहे आणि तेच साल ठेवून ते १८४० पर्यंत पाडले गेले. त्यामुळे १८३४ सालचा विल्यमचा रुपया बाजारात चलन म्हणून फिरला असणे शक्य नाही. नक्षी, अक्षरे आणि राजाचा चेहरा मंजूर करून घेण्यासाठी टांकसाळीने आधी जे मोजके नमुने पाडले, त्यांना नमुना नाणी किंवा संग्राहकांच्या बोलीत पॅटर्न म्हणतात. १८३४ सालचे असे नमुने आहेत आणि ते जाणकारांच्या परिचयाचे आहेत. तेव्हा "असे नाणे असूच शकत नाही" असे कुणी म्हणाले तर ते चूक आहे.

परंतु आपल्या परिचितांनी सांगितलेला दहा लाखांचा आकडा लगेच धरून बसू नये, कारण या नाण्याच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या शक्यता आहेत आणि त्यांच्या किमतीत जमीनअस्मानाचे अंतर पडते.

पहिली शक्यता बनावटीची. १८३५ च्या खऱ्या रुपयातला ५ कोरून त्याचा ४ करणे ही जुनी युक्ती आहे. दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि शेवटच्या अंकाभोवतीची जागा तिरप्या उजेडात पाहा. धातू हलवला असेल तर अंकाच्या पायथ्याशी ओरखडे दिसतील, तिथली पातळी बाकीच्या मैदानापेक्षा, म्हणजे नक्षीभोवतीच्या सपाट जागेपेक्षा, किंचित खोल लागेल आणि अंकाची उंची शेजारच्या ३ शी जुळणार नाही. ओतीव नकलेत कडेवर बारीक सांधा आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. धातूची खात्री घरीही करता येते. लहान वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याने बांधलेले नाणे तळाला न टेकवता पाण्यात सोडा. या मिश्रणाच्या चांदीची घनता १०.३ च्या आसपास असल्यामुळे काट्याने सुमारे १.१३ ग्रॅम दाखवायला हवे. १.३ किंवा त्याहून जास्त आले तर आत पितळ किंवा तांबे आहे. शिवाय इतवारीत कोणत्याही मोठ्या सराफाकडे क्ष-किरणाने शुद्धता मोजणारे यंत्र असते आणि त्याने नाण्याला इजा होत नाही.

दुसरी शक्यता मूळ नमुन्याची, म्हणजे १८३४ च्या सुमारासच पाडलेल्या नाण्याची. तिसरी शक्यता आपल्याकडच्या लोकांना बहुधा ठाऊक नसते, आणि आपल्या बाबतीत तीच मला सर्वांत जवळची वाटते. कलकत्ता आणि मुंबई टांकसाळींनी जुने साचे जपून ठेवले होते आणि संग्राहकांच्या मागणीनुसार त्या साच्यांतून नव्याने नाणी पाडून देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून थेट १९७० पर्यंत चालू होती. या नाण्यांना रीस्ट्राइक म्हणतात. ती बनावट नव्हेत. साचा खरा, टांकसाळ खरी, चांदी खरी, फक्त पाडण्याचा काळ नंतरचा. कलकत्त्यात नोकरी करणारा छंदिष्ट माणूस, १९५७ साल आणि न हाताळलेले चकचकीत नाणे या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्यावर आजोबांनी ते टांकसाळीतूनच रीतसर घेतले असावे असा माझा तर्क आहे. अर्थात त्यांनी ते कलकत्त्याच्या एखाद्या जुन्या दुकानातूनही घेतले असेल, आणि तसे असेल तर दुसरी शक्यता उघडी राहते.

मूळ आणि नंतरचे यांतला फरक छायाचित्रावरून सांगणे अवघड असते, तरी काही खुणा आहेत. साचे कित्येक दशके पडून राहिले की त्यांच्यावर गंजाचे खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांमुळे नाण्यावर वाळूच्या कणांसारखे बारीक उंचवटे उमटतात. लक्षात घ्या, ओतीव नकलेत खड्डे असतात आणि गंजलेल्या साच्यातून पाडलेल्या नाण्यावर उंचवटे असतात. गंज काढण्यासाठी साचा घासलेला असेल तर मैदानात समांतर, बारीक, उठावाच्या रेषा दिसतात आणि वेलबुट्टीतले उथळ भाग, म्हणजे पानांच्या शिरा किंवा देठ, मधेच तुटल्यासारखे होतात. साच्याला तडा गेला असेल तर काठापासून अक्षरांकडे जाणारी उठावाची रेघ येते. कडेचे दातेही पाहा, कारण नंतरच्या नाण्यांत कड साधी आहे की दातेरी आणि दाते किती बारीक आहेत यात फरक पडतो. शेवटी हे सर्व फ्रेड प्रिडमोर यांच्या ब्रिटिश भारताच्या नाण्यांवरील सूचीशी ताडून पाहावे लागते. नमुना नाणी आणि त्यांचे नंतरचे प्रकार तिच्यात वेगळे नोंदलेले आहेत आणि लिलावगृहेही तिचेच क्रमांक देतात.

किंमत ठरवण्याचा आधार विचारलात. सूचीत छापलेला आकडा नमुना नाण्यासाठी फारसा उपयोगाचा नाही. चलनातले नाणे वर्षात शेकडो वेळा विकले जाते, म्हणून त्याला बाजारभाव असतो. नमुना नाणे मात्र कित्येक वर्षांतून एकदा येते आणि त्या दिवशी ते हवे असणारी दोन माणसे सभागृहात असली तर भाव एक, आणि एकच असला तर भाव दुसराच. म्हणून मागच्या लिलावांत प्रत्यक्ष किती रकमेला बोली संपली, ते पाहावे. मुंबईतील टोडीवाला, ओसवाल आणि राजगोर, अहमदाबादची क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी, बंगळूरुचे मरुधर आर्ट्स यांच्या जुन्या लिलावांचे निकाल संकेतस्थळांवर पाहायला मिळतात. ते वाचताना आपले नाणे आणि तिथले नाणे यांचा धातू, कड आणि सूचीक्रमांक एकच आहे ना, तिथे मूळ म्हटले आहे की रीस्ट्राइक, आणि दिलेली रक्कम नुसत्या बोलीची आहे की ग्राहकाकडून वर घेतले जाणारे शुल्क धरून आहे, हे तपासा. जे नाणे विकले न जाता परत गेले त्याचीही नोंद घ्या, कारण विक्रेत्याची अपेक्षा बाजाराने मान्य केली नाही हे त्यातून समजते.

नाणे न तपासता त्याच दिवशी निर्णय मागणाऱ्या व्यापाऱ्याला नम्रपणे नकार द्या. त्याचा आकडा कदाचित अगदीच अन्यायाचा नसेलही, पण घाईचे कारण त्याच्या सोयीचे आहे.

हिशेबी_पुणेकर

वरील सविस्तर उत्तरात कायद्याची बाजू जोडतो.

दूरध्वनीचे प्रकरण सरळ फसवणुकीचे आहे. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवेदन काढून स्पष्ट केले होते की जुन्या नोटा आणि नाण्यांच्या व्यवहारात बँक कधीच पडत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसे करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. आपण पैसे भरले नाहीत हे फार चांगले झाले. तरी तो क्रमांक सायबर पोलिसांकडे नोंदवा.

भावाने नाणे सोबत नेण्याचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्या. पुरावस्तू आणि कलासंपदा अधिनियम, १९७२ नुसार शंभर किंवा अधिक वर्षांचे नाणे ही पुरावस्तू आहे आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. वारसाने मिळालेली असली, विकायची नसून नुसती तपासून आणायची असली, तरी नियम तोच, कारण भारताबाहेर नेणे हीच कायद्याच्या दृष्टीने निर्यात आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी आहे. नाणे १९५७ साली पाडलेले ठरले तर ते शंभर वर्षांचे होत नाही हे खरे, परंतु त्यावर १८३४ लिहिलेले असताना विमानतळावर तसे तोंडी सांगून भागणार नाही. ती पुरावस्तू नाही असे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र लागेल. हाच अडथळा नाणे प्रमाणित करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांकडे पाठवण्यातही येतो.

देशात विक्री करायला अडचण नाही. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, म्हणून ज्याच्याकडे तो आहे अशाच लिलावगृहाशी किंवा व्यापाऱ्याशी व्यवहार करा. नाणे घराच्या भिंतीत किंवा जमिनीत पुरलेले सापडले असते तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागले असते. आजोबांच्या पेटीतल्या नाण्याला ते लागू नाही. मात्र ते त्यांनी स्वतः विकत घेतले होते हे दाखवणारे काहीही असेल, पावती, पत्र, रोजनिशीतली नोंद, तर ते शोधा. नमुना नाण्यांच्या बाबतीत मालकीचा प्रश्न कधीकधी टांकसाळीकडूनच येतो. अमेरिकेत १९७४ साल घातलेली ॲल्युमिनियमची सेंट नमुन्यादाखल पाडली गेली होती. त्यांतले एक नाणे टांकसाळीच्या एका दिवंगत अधिकाऱ्याच्या मुलाकडे सापडले, लिलाव ठरला, आणि सरकारने ते कधीच कायदेशीरपणे बाहेर दिले नव्हते या मुद्द्यावर २०१६ मध्ये ते परत करावे लागले. आपल्याकडे तेव्हा टांकसाळ स्वतःच संग्राहकांना नाणी देत होती, त्यामुळे ती भीती नाही, परंतु कागद असलेला केव्हाही बरा.

आता वारस आणि कर. आजोबांच्या मालमत्तेत आत्यांचाही हिस्सा आहे, तेव्हा विक्रीस सर्वांची संमती असल्याचे साधे पत्र सह्यांसह करून घ्या; लिलावगृहाकडे एकाच्या नावाने नाणे देता येईल. वारसाने मिळाले म्हणून कर लागत नाही, पण विकल्यावर होणारा नफा करपात्र धरून चाला. घरगुती वापराच्या वस्तूंना असलेली सूट दागिने, पुरातत्त्वीय संग्रह आणि कलाकृतींना मिळत नाही, आणि दुर्मिळ नाणे त्या वर्गात ओढले जाऊ शकते. आजोबांनी ते २००१ पूर्वी घेतले असल्याने १ एप्रिल २००१ रोजीची वाजवी किंमत ही खरेदीची किंमत म्हणून धरता येते, आणि दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सध्या १२.५ टक्के दर आहे. नेमका हिशेब आपल्या सनदी लेखापालांकडून करून घ्या. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारू नका, कारण तेवढाच दंड होऊ शकतो.

थेम्सकाठचा_मराठी

मी लंडनमध्ये गेली काही वर्षे लिलाव पाहतो. इथे भारतीय नमुना नाण्यांना चांगली मागणी आहे, म्हणून भावाला तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आज चांगल्या ब्रिटिश भारतीय नाण्यांसाठी चढाओढ करणारे ग्राहक मोठ्या प्रमाणात भारतातच आहेत. कायदा मोडून इथे आणण्यात धोका आहे आणि लाभही नाही. दुसरे म्हणजे वर्तमानपत्रांतल्या मोठ्या आकड्यांशी तुलना करू नये. आठव्या एडवर्डचा १९३७ साल घातलेला सोन्याचा नमुना सॉव्हरिन जानेवारी २०२० मध्ये दहा लाख पौंडांना गेला. त्या राजाने ११ डिसेंबर १९३६ रोजी राजत्याग केल्यामुळे त्याची नाणी ब्रिटनमध्ये चलनात आलीच नाहीत आणि तो सॉव्हरिन बोटांवर मोजण्याइतकाच आहे. १८३४ च्या रुपयाचे साचे टांकसाळीत राहिले आणि पुन्हा वापरले गेले, ही त्याची वेगळी गोष्ट आहे.

शरयू_नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. भावाला कळवले आहे. त्याने लगेच मान्य केले.

आपण सांगितल्याप्रमाणे पाहणी केली. पाण्यातल्या तपासणीत काट्याने १.१३ दाखवले आणि सराफांच्या यंत्राने चांदी ९१.५ टक्के सांगितली. भिंगातून पाहता ४ चा आकडा शेजारच्या ३ इतकाच उंच आहे आणि त्याभोवती ओरखडे नाहीत. मात्र राजाच्या मानेसमोरच्या मोकळ्या जागेत आणि वेलीच्या खालच्या बाजूला बारीक उठावाचे कण आहेत, आणि मैदानात एकाच दिशेने जाणाऱ्या पुसट रेषा आहेत. आणखी एक गोष्ट मिळाली. आजोबांच्या १९५७ च्या रोजनिशीत १९ नोव्हेंबरच्या पानावर "टांकसाळीतून जुन्या छापाची तीन नाणी मिळाली, पैसे मागेच भरले होते" अशी नोंद आहे. उरलेली दोन नाणी पेटीत नाहीत. म्हणजे माझे नाणे नंतर पाडलेलेच ठरते ना? आणि तसे असेल तर ते विकण्यात अर्थ आहे का?

टांकसाळ_गल्ली

होय, आता माझ्या मनात फारशी शंका उरलेली नाही. उठावाचे कण, घासलेल्या साच्याच्या रेषा आणि रोजनिशीतली नोंद या तिन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवतात. दहा लाखांचा विचार सोडावा लागेल, याचे वाईट वाटणे साहजिक आहे.

तरीही विकण्यात अर्थ नक्कीच आहे. १८३४ चा मूळ नमुना बहुतेक संग्राहकांना कधीच परवडणार किंवा मिळणार नाही, आणि विल्यमच्या रुपयांचा संच पूर्ण करू पाहणारे लोक टांकसाळीनेच नंतर पाडलेले नाणे आनंदाने घेतात. शिवाय आपल्या नाण्याजवळ जे आहे ते फार थोड्या रीस्ट्राइक नाण्यांजवळ असते: ते टांकसाळीतून केव्हा बाहेर आले याचा तारखेसह लेखी पुरावा. यातल्या बहुतेक नाण्यांविषयी "एकोणिसाव्या शतकातले असावे" किंवा "विसाव्या शतकातले असावे" एवढेच म्हणता येते. आपले नाणे अभ्यासकांनाही उपयोगी आहे, कारण त्यावरच्या गंजाच्या खुणा कुठे आहेत हे नोंदवले तर त्याच साच्यातून पाडलेल्या दुसऱ्या नाण्यांचा काळ ठरवायला आधार मिळेल. म्हणून विकण्यापूर्वी दोन्ही बाजूंची आणि कडेची चांगली छायाचित्रे काढून, रोजनिशीच्या पानाच्या प्रतीसह, नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेकडे पाठवावीत असे मी आग्रहाने सुचवतो.

विक्रीसाठी दोन लिलावगृहांना छायाचित्रे पाठवून लेखी अंदाज मागवा. विक्रेत्याकडून किती टक्के घेणार, छायाचित्र आणि विम्याचा खर्च कोणाचा, नाणे न विकले गेल्यास परत केव्हा आणि कोणत्या खर्चाने देणार, आणि पैसे लिलावानंतर किती दिवसांत मिळणार, हे करारात लिहून घ्या. वर्णनात "रीस्ट्राइक" हा शब्द स्वच्छ असावा आणि पुडी व रोजनिशीचा उल्लेख असावा, असा आग्रह धरा. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली नाणे विकायचे नाही ती रक्कम, ठेवताना अशाच रीस्ट्राइकच्या मागच्या दोन-तीन बोली पाहा आणि त्यांतल्या सर्वांत कमी बोलीच्या थोडी खाली ठेवा, म्हणजे बोली सुरू होईल. व्यापाऱ्याचे पंधरा हजार त्या निकालांशी ताडून पाहिल्यावर तो आकडा कितपत योग्य होता हेही आपल्याला समजेल.

पुडीचा कागद नाण्यासोबत द्या. रोजनिशी मात्र देऊ नका. त्या पानाची साक्षांकित प्रत पुरते. आणि उरलेल्या दोन नाण्यांविषयी आत्यांना एकदा विचारा, कारण त्या काळी लग्नात मुलीच्या ओटीत आजोबांनी चांदीचा एखादा रुपया घातला असेल, तर तो अजून कुणाच्या तरी देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाला बाहेर येत असण्याची शक्यता आहे.